बाबांसाठी ई-रीडर: मराठी नीट वाचता येईल असा कोणता?

वाचनखूण:
बाबा ७६ वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. फोनवर अर्धा तास वाचलं की डोळ्यांतून पाणी येतं आणि जाडजूड पुस्तक आता हातात धरवत नाही. म्हणून गेल्या वर्षी ६ इंची ई-रीडर घेऊन दिला. पडदा उत्तम, गच्चीत उन्हात बसूनही स्वच्छ दिसतो. पण मराठी पुस्तक उघडलं की त्रास सुरू. अक्षर मोठं केलं की ओळीत तीनच शब्द आणि मधे ही एवढी मोकळी जागा. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ तर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतात. परवा त्यांनी हाक मारून एक ओळ दाखवली. लग्नाच्या स्वयंपाकाचं वर्णन होतं, आणि 'आचाऱ्यांना' हवं तिथे 'आचार्यांना'. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला हे खुपतं. दुसरा घ्यायचा विचार आहे. काय बघून घेऊ?

कानामात्रा:
मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे आधी त्या आचाऱ्यांबद्दल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक तर खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, नाहीतर साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ते चिन्ह गळालं की र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणजे दोष बहुधा फाइलचा आहे, यंत्र बदलून तो जाणार नाही. प्रकाशकाला ओळ उतरवून कळवा. मी कळवते, आणि काही जण खरंच दुरुस्त करतात.

शोधातही हाच घोळ होतो. 'दऱ्या' एका पद्धतीने टाइप केलं, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. ई-रीडरने दोन्ही एकच मानायला हवेत, ही माझी फार जुनी मागणी आहे.

मोकळ्या जागेसाठी सेटिंगमध्ये दोन्ही कडा सारख्या करणं बंद करा, मजकूर फक्त डावीकडून लावा. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो. 'शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखाच' कुठे तोडायचा हे यंत्राला कळत नाही, मग अख्खा शब्द खालच्या ओळीत जातो.

शाईपेन:
पीडीएफ वाचायच्या असतील तर ६ इंची पुरत नाही. १०.३ इंची बघा, त्यावर डेमी (नेहमीच्या कथा-कादंबरीच्या) आकाराचं पान जवळपास मूळ मापात बसतं. वजन मात्र बरंच वाढतं, मांडीवर उशी घ्यावी लागेल. रंगीत पडदा बाबांसाठी नको. त्यात रंगांची गाळणी वर असते, त्यामुळे पान करडं दिसतं आणि सतत दिवा लावावा लागतो.

कोरीडर हे मोफत सॉफ्टवेअर चालतं का, तेही विचारा. ते स्कॅन केलेल्या पानाचा समास कापतं, शब्द सुटे करून मोठ्या आकारात पुन्हा ओळीत मांडतं. आधीच पुसट असलेल्या स्कॅनवर ते चुकतं, पण बऱ्या स्कॅनवर छान चालतं. त्यात स्टारडिक्ट प्रकारचे शब्दकोशही घालता येतात.

कानामात्रा:
शब्दकोशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. 'घोड्याने'वर बोट ठेवलं की 'शब्द सापडला नाही'. कोशात 'घोडा' असतो! सामान्यरूपावरून मूळ शब्द काढता येत नसेल, तर मराठीसाठी तो कोश निम्मा निकामी. चकचकीत रंगांपेक्षा मला हे आधी हवंय.

वाचनखूण:
कडा सारख्या करणं बंद केलं. बाबा आज दुपारी सलग दोन तास वाचत बसले होते! कानामात्रा, मनापासून आभार. पीडीएफसाठी मात्र १०.३ इंचीच घ्यावा लागणार. उद्या त्यांच्याच दोन फाइली घेऊन दुकानात जातेय. अजून एक अडचण आहे. त्यांच्या बोटांचा स्पर्श पडद्याला नीट लागत नाही, एका वेळी दोन पानं उलटतात.

शाईपेन:
आईसाठी मी स्टँड घेतला आणि पान उलटायला छोटा ब्लूटूथ रिमोट. आता ती यंत्राला हातही लावत नाही. फक्त रिमोटने पान उलटतं का हे दुकानातच करून बघा. काही यंत्रांत ब्लूटूथ असतं, पण ते फक्त ऑडिओबुक ऐकण्यापुरतं.