लॅटिसिमस पाठीवर, मग नस पुढच्या फांदीची का?

प्रश्न (खानापूर, एमबीबीएस पहिलं वर्ष): पाठीचे स्नायू सोमाइटमधून (गर्भाच्या मज्जानलिकेलगत जोडीनं उठणारे पेशींचे गठ्ठे) येतात. मग कण्यालगतच्या इरेक्टर स्पायनीला स्पायनल नर्व्हची (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेची) मागची फांदी आणि पाठीवरच्या रुंद लॅटिसिमस डॉर्सायला पुढची, असं का? शिवाय कोंबडीच्या अंड्यात सोमाइट बघायला किती तास लागतात? दुकानातली अंडी उबवली, आत काहीच दिसलं नाही.

उत्तर (बेळगाव): लॅटिसिमस पाठीवर आलाय, मूळचा तिथला नव्हे. माणसात सोमाइटची पहिली जोडी २०व्या दिवसाच्या सुमारास मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंना उठते. पाचव्या आठवड्याअखेर ४२ ते ४४ जोड्या होतात. प्रत्येकाचा आतला-खालचा भाग (स्क्लेरोटोम) सुटून मणक्याकडे जातो, वर डर्मोमायोटोमची, म्हणजे त्वचा-स्नायू देणारी, चादर उरते. तिच्या मज्जानलिकेकडच्या कडेपासून एपॅक्सियल स्नायू, म्हणजे पाठीचे कण्यालगतचे खोल स्नायू: इरेक्टर स्पायनी, मल्टिफिडस. यांनाच मागची फांदी. बाहेरच्या कडेच्या पेशी हाताच्या कोंबात शिरतात, त्यांना पुढची फांदी. त्यातलाच लॅटिसिमस नंतर उलटा कण्याकडं पसरतो. जाताना मूळची नस ओढत नेतो, म्हणून त्याची नस थोरॅकोडॉर्सल, मानेच्या सी६ ते सी८ नसांतली. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) स्नायू कुठं आहे ते नको, नस कुठली ते आधी सांगा.

उत्तर (निपाणी): फार्मच्या लेयर कोंबड्यांत कोंबडा नसतो, ती अंडी फळलेलीच नसतात. कोंबडा फिरतो अशा घरची गावठी अंडी घ्या, आठवड्याच्या आतली. ३८ अंशांवर आडवी ठेवा, गर्भ वर तरंगतो. ४० ते ४५ तासांत १३ जोड्या, ५० ते ५३ तासांत २२. साधारण दीड तासाला एक जोडी. पावसाळ्यात करंट गेला की वाढ मागं पडते, तेव्हा तास बघू नका, जोड्या मोजा. फोडण्याआधी बोथट टोकातून सिरिंजनं २–३ मिली पांढरं काढा, नाहीतर खिडकी कापताना कात्री गर्भाला लागते. मधे भोक पाडलेला फिल्टर पेपर गर्भावर ठेवा, कडेनं कापून कोमट ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात उचला. गार पाण्यात हृदयाचे ठोके लगेच मंदावतात.

उत्तर (चिकोडी): बेळगावच्या उत्तरात एक भर. एक सोमाइट म्हणजे एक मणका नव्हे. एका सोमाइटच्या स्क्लेरोटोमचा शेपटीकडचा अर्धा आणि त्याखालच्या सोमाइटचा डोक्याकडचा अर्धा जुळून मणका होतो. मायोटोम (सोमाइटचा स्नायू होणारा भाग) मात्र जागचा हलत नाही. त्यामुळं तो दोन मणक्यांवर बसतो आणि डिस्कवरून ओढू शकतो. तसं झालं नसतं तर स्नायूची दोन्ही टोकं एकाच मणक्याला चिकटली असती आणि कणा वाकलाच नसता. ही अर्ध्यांची जुळणी फसली की जोडलेले किंवा अर्धेच मणके होतात, त्यातून जन्मजात स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकणं).

प्रश्नकर्ता: ट्रॅपेझियसची (मान-खांद्याच्या स्नायूची) नस अकरावी क्रेनियल, म्हणजे डोक्याच्या नसांपैकी. तो यातल्या कुठल्या कडेचा?

उत्तर (बेळगाव): कुठल्याच नाही, निखळ सोमाइटचा नव्हेच तो. मानेतून उतरलेला, वेगळा धरा.