प्रति: जुने खर्डे ठेवावेत की फाडावेत?
'चांगली कल्पना असेल तर ती परत सुचतेच, खर्डे कशाला साठवायचे' हे वरचं म्हणणं मला पटत नाही. कल्पना सुचते, पण तेव्हाचे शब्द येत नाहीत. अर्धवट सोडलेल्या एका कथेच्या पाठकोऱ्या कागदांत मला आजीचं वाक्य सापडलं, 'चूल विझली तरी राख हलवून बघ गं'. आजी आता नाही. नवी कथा त्या वाक्यावरच उभी राहिली.

आणि खोडलेलंही ठेवाच! रवींद्रनाथ ठाकूर १९२४ साली अर्जेंटिनात होते, तेव्हा 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या वहीत खोडलेले शब्द रेषांनी जोडत जायचे. त्यातून पक्षी, चेहरे, चित्रविचित्र प्राणी उमटले. तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ती वही पाहिली होती. १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, ते ओकाम्पो यांच्याच खटपटीने.