गोळ्यांनी श्रद्धा जाते का? थोडी भर

वर कुणीतरी लिहिलंय की सायकियाट्रिस्टकडे गेलं की श्रद्धा संपते, म्हणून धर्मापायी परदेशात जाऊन राहिलेले लोक दवाखाना टाळतात. अर्धंच पटलं बुवा.

जेरुसलेमचंच बघा ना. तिथल्या क्फार शाऊल या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात १९८० ते १९९३ मध्ये, शहरात आल्यावर डोकं बिघडलं म्हणून साधारण १२०० टुरिस्ट पाठवले गेले, ४७० ॲडमिट झाले. त्यातले आधी ठणठणीत असलेले आणि तिथे येऊनच बिघडलेले फक्त ४२, म्हणजे हॉटेलची पांढरी चादर गुंडाळून स्तोत्रं ओरडत रस्त्याने निघायचं आणि आठवड्याभरात ताळ्यावर यायचं. पेपरवाल्यांना तेवढंच आवडतं. बाकीचे बहुतेक आजार नाहीतर काहीतरी खूळ सोबत घेऊनच आलेले.

पण देवाने बोलावलं म्हणून घरदार विकून तिथेच राहायला आलेल्याचं काय? गोळ्यांनी आवाज थांबला की मग तो विचारणारच, बोलावणं खरं होतं की आजार? इथे डॉक्टरने 'भ्रम होता' म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

आणि रोजचे प्रश्न वेगळेच. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या कडक उपासाला, २५ तास पाणीसुद्धा नाही, आणि माणूस लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) असेल तर अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं, हात थरथरतात, उलट्या होतात. ज्यू धर्मात जीव वाचवणं उपासापेक्षा मोठं, त्यामुळे अशा वेळी रब्बीच, म्हणजे त्यांचा धर्मगुरूच, सांगू शकतो की बाबा पाणी पी, गोळी घे. डॉक्टरने रब्बीला सरळ फोन करावा, पेशंटला विचारून अर्थात. रमजानमध्ये लिथियमवाल्यांची हीच गोची, तिथे फोन इमामाला.