मदत हवी आहे: 'चंद्र' लिहावे की 'उपग्रह'?

धागाकर्ती
खगोलविषयक पुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना एका शब्दावर अडले आहे. मी सर्वत्र 'गुरूचे चंद्र', 'शनीचे चंद्र' असे लिहिले होते. संपादकांनी ते सरसकट खोडून 'उपग्रह' केले आणि त्यामुळे काही वाक्ये बिघडली. उद्या संध्याकाळी मजकूर द्यायचा आहे, तरी योग्य शब्द कोणता ते कृपया लवकर सांगावे.

आकाशदर्शी
संपादकांचे बरोबर आहे. चंद्र हे एका विशिष्ट गोलाचे नाव आहे आणि ग्रहाभोवती फिरणारा तो उपग्रह. प्रत्येक ताऱ्याला आपण सूर्य म्हणत नाही, तसेच हे.

जुनी पाने
हे मान्य नाही. 'दुसऱ्या सूर्यांभोवतीचे ग्रह' असे आपण सहज लिहितो आणि त्यात कोणाचा गोंधळ होत नाही. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूजवळचे चार ठिपके पाहिले तेव्हा त्यांना त्याने तारेच म्हटले होते. केप्लरने १६११ मध्ये त्यांच्यासाठी जो लॅटिन शब्द योजला, त्याचा अर्थ सेवक किंवा अंगरक्षक असा होतो. म्हणजे जातिवाचक शब्द पाश्चात्त्यांनाही शोधावा लागला. आपल्याकडे 'उपग्रह' शब्द नेमका आहे खरा, परंतु १९५७ मध्ये स्पुटनिक सोडले गेल्यापासून तो ऐकताच डोळ्यांसमोर यंत्र येते.

वाचक-लेखक
वाद घालण्यापूर्वी दोन गोष्टी कळायला हव्यात. पुस्तिका कोणासाठी आहे, आणि बिघडलेली वाक्ये नेमकी कोणती?

शब्दवेडी
'चंद्र' शब्दाची मराठीतील व्याप्ती लक्षात घ्यावी. जुन्या गणितग्रंथांत तो 'एक' या अंकासाठी येतो, कारण आकाशात चंद्र एकच. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो कोरीसारखा आकार होतो, तो मानेला लावून माणसाला बाहेर घालवणे म्हणजे 'अर्धचंद्र देणे'. छपरातून चंद्र दिसावा असे मोडके घर ते 'चंद्रमौळी'. मुळात हे शंकराचे विशेषण, मस्तकी चंद्र धारण करणारा. इतका जिव्हाळ्याचा शब्द असताना कोरडा 'उपग्रह' का वापरावा?

धागाकर्ती
शब्दवेडी, माहिती सुंदर आहे, पण माझी अडचण तशीच आहे. वाचक दहा-अकरा वर्षांचे आहेत, हे आधी लिहायला हवे होते. वाक्य असे होते: 'पृथ्वीला एकच चंद्र आहे आणि चंद्राला चंद्र नाही.' आता ते असे झाले आहे: 'पृथ्वीला एकच उपग्रह आहे आणि चंद्राला उपग्रह नाही.' पुढच्याच पानावर हवामानाची माहिती देणाऱ्या कृत्रिम उपग्रहांविषयी मजकूर आहे.

जुनी पाने
मग बदललेले वाक्य चुकीचेच ठरते. पृथ्वीभोवती हजारो कृत्रिम उपग्रह फिरत आहेत, आणि चांद्रयान-२ चा परिभ्रमक ऑगस्ट २०१९ पासून चंद्राभोवती फिरतो आहे.

आकाशदर्शी
तेथे 'नैसर्गिक उपग्रह' लिहावे. प्रश्न मिटला.

वाचक-लेखक
एका वाक्यात मिटतो, संपूर्ण प्रकरणात नाही. दहा वर्षांच्या मुलाने प्रत्येक ओळीत हे जोडपद वाचत बसावे, हे मला पटत नाही. इंग्रजीत आपला चंद्र मोठ्या आद्याक्षराने आणि इतरांचे चंद्र लहान अक्षराने लिहितात. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून आपला चंद्र ठळक टंकात छापता येईल.

धागाकर्ती
ते चालणार नाही. या मजकुराचे ध्वनिमुद्रणही होणार आहे.

वाचक-लेखक
हे तर सर्वांत महत्त्वाचे होते. मग भेद कानालाच कळला पाहिजे. प्रकरणाच्या आरंभी एकदाच 'ग्रहाभोवती फिरणाऱ्या नैसर्गिक उपग्रहालाही येथे चंद्र म्हटले आहे' असे सांगावे. त्यानंतर 'चंद्र' हा शब्द एकटा कधीही सोडू नये, 'गुरूचा चंद्र', 'शनीचा चंद्र', 'आपला चंद्र' अशी षष्ठी किंवा 'आपला' हे विशेषण कायम त्याच्यासोबत असावे. 'उपग्रह' हा शब्द मग मानवनिर्मित यानांसाठी मोकळा राहतो.

आकाशदर्शी
व्याख्या आरंभी असेल तर माझा विरोध नाही. पाठ्यपुस्तकात मात्र मी 'उपग्रह'च लिहीन.

धागाकर्ती
या पद्धतीने दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचून पाहिली. 'पृथ्वीला एकच चंद्र आहे; त्या आपल्या चंद्राला स्वतःचा चंद्र नाही.' आणि ज्यावर मी सर्वाधिक अडखळत होते ते: 'गॅनिमीड हा गुरूचा चंद्र केवळ आपल्या चंद्राहूनच नव्हे, तर बुध ग्रहाहूनही मोठा आहे, त्याचा व्यास सुमारे ५,२७० किलोमीटर आहे आणि बुधाचा सुमारे ४,८८०.' ऐकताना कोठेही थांबावे लागले नाही. संपादकांना हीच वाक्ये कारणांसह आज रात्री पाठवते.