ब्राउझरमध्ये एनक्रिप्ट केलेला मजकूर नोडमध्ये उघडत नाही

प्रश्न
वेब क्रिप्टो एपीआय (ब्राउझरमधली एनक्रिप्शनची सोय) वापरून एईएस-जीसीएमने (मजकूर लपवणारी आणि त्यात फेरफार झाला का तेही तपासणारी पद्धत) नोंदी एनक्रिप्ट करतो. की (किल्ली) पासवर्डवरून पीबीकेडीएफ२ने (पासवर्डवर पुन्हा पुन्हा प्रक्रिया करून की बनवणारी पद्धत) तयार होते. त्याच ब्राउझरमध्ये डिक्रिप्ट नीट होतं, पण नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) स्क्रिप्टमध्ये ‘ऑथेंटिकेट करता येत नाही’ असा एरर येतो. शिवाय लॅनवरच्या दुसऱ्या मशीनवरून अ‍ॅप उघडलं की क्रिप्टो.सटल (त्याच एपीआयचा एनक्रिप्शन करणारा भाग) अनडिफाइंड दिसतं. सगळं स्टँडर्डप्रमाणे असताना असं का?

उत्तर: की_वाला
दुसरं आधी. सटल फक्त सुरक्षित कॉन्टेक्स्टमध्ये मिळतं, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट. साध्या एचटीटीपीवर १९२.१६८ वाला पत्ता उघडलात तर नाही मिळणार. टेस्टिंगपुरतं स्थानिक सर्टिफिकेट लावा.

आता नोड. वेब क्रिप्टो १६ बाइटचा टॅग (मजकूर बदललेला नाही याची खूण) सायफरटेक्स्टच्या (एनक्रिप्ट झालेल्या मजकुराच्या) शेवटी चिकटवून देतं. नोडच्या जुन्या क्रिप्टो मॉड्यूलला तो वेगळा हवा असतो: शेवटचे १६ बाइट कापा, सेटऑथटॅगला द्या, उरलेले अपडेटला. फायनल त्यानंतरच. जावात टॅग जोडलेलाच चालतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

ईसीडीएसए (डिजिटल सहीची एक पद्धत) सह्यांचंही असंच आहे. पी-२५६ (तिथे वापरायचा एक प्रमाण वक्र) वर वेब क्रिप्टो सरळ ६४ बाइट देतं (सहीचे दोन आकडे आर आणि एस पाठोपाठ), तर नोड डिफॉल्टने डीईआर (तेच आकडे साठवायची दुसरी मांडणी) समजतं. व्हेरिफाय करताना डीएसएएन्कोडिंगला ‘आयईईई-पी१३६३’ सांगा.

उत्तर: सॉल्टपेपर
‘स्टँडर्डप्रमाणे’ म्हणताय, पण डब्ल्यू३सीच्या (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २०१७ च्या शिफारशीत आहेत ते सुटे भाग. कुठला अल्गोरिदम प्रत्येक ब्राउझरमध्ये असलाच पाहिजे, हेसुद्धा त्यात बंधनकारक नाही. बाइट कुठल्या क्रमाने साठवायचे ते तुम्हीच ठरवून लिहून ठेवायचं. माझ्या मते हा क्रम पुरे:

आवृत्ती १ बाइट, इटरेशन (पीबीकेडीएफ२च्या फेऱ्यांची संख्या) ४, सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे रँडम बाइट) १६, आयव्ही (दर एनक्रिप्शनला वेगळे लागणारे सुरुवातीचे बाइट) १२, मग सायफरटेक्स्ट आणि टॅग.

१०० बाइटच्या नोंदीचे १४९ होतात. पहिले ३३ बाइट, म्हणजे हेडर, अ‍ॅडिशनलडेटा (एनक्रिप्ट न होणारा, पण टॅगने तपासला जाणारा भाग) म्हणून द्या, म्हणजे हेडरशी कुणी छेडछाड केली तर डिक्रिप्टच होणार नाही. पीबीकेडीएफ२-एसएचए२५६ साठी ओवॅस्प (वेब-सुरक्षेवर काम करणारी संस्था) ६,००,००० इटरेशन सांगतं. पुढे आकडा वाढवलात तरी जुन्या नोंदी उघडायला हव्यात, म्हणून तो हेडरमध्ये. स्वतःचा फॉरमॅट नको असेल तर जेडब्ल्यूई (एनक्रिप्ट केलेल्या डेटाचा तयार प्रमाण फॉरमॅट) आहे, पण त्यात टॅग पुन्हा वेगळा!

आयव्ही दर वेळी गेटरँडमव्हॅल्यूजने नवा. एका कीवर तोच आयव्ही दोनदा वापरला गेला तर दोन मजकुरांचा एक्सऑर (त्यांच्यातला बिटागणिक फरक) उघडा पडतो आणि खोटे टॅगही बनवता येतात.

प्रश्नकर्ता
टॅग वेगळा काढल्यावर उघडलं. पण काही देवनागरी पासवर्डना एका मशीनवर तयार केलेली नोंद दुसऱ्यावर उघडत नाही. नुसता ऑपरेशनएरर येतो, पुढे काहीच नाही.

उत्तर: की_वाला
तपशील मुद्दामच देत नाहीत, चुकीची की आणि बिघडलेला डेटा यांचा एरर सारखाच असतो. इथे संशय ‘ऱ’वर. काही कीबोर्ड तो एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) देतात (यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट), काही र आणि नुक्ता (६ बाइट). दिसायला एकच, की मात्र वेगळी. टेक्स्टएन्कोडरच्या (मजकुराचे बाइट करणारा) आधी नॉर्मलाइझ(‘एनएफसी’) लावा, ते अशी रूपं एकसारखी करतं. ‘सुऱ्या’मधला ऱ्य कुणी र, हलंत आणि झेडडब्ल्यूजेने (न दिसणारं जोडचिन्ह) टाइप केला असेल तर एनएफसी त्याला हात लावत नाही. ते रूप तुम्हालाच ऱ आणि हलंतमध्ये बदलावं लागेल. आणि नियम बदलताय, तर हेडरमधली आवृत्तीही वाढवा.

उत्तर: बिटकुळे
की एक्स्ट्रॅक्टेबल फॉल्स ठेवून इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधला डेटाबेस) थेट साठवता येते. त्याने की बाहेर नेता येत नाही, एवढंच. पानात एक्सएसएस (हल्लेखोराने घुसवलेली स्क्रिप्ट) शिरलं तर ती स्क्रिप्ट तिथल्या तिथे त्याच कीने सगळ्या नोंदी उघडेल. सीएसपी (पानात कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या याचे नियम) आधी कडक करा.