अनुभव धागा: अवरक्त दीर्घिका धारदार करताना

धागाकर्ती, नेरूळ
आपल्याकडे आकाशनिरीक्षण म्हणजे पावसाळ्यात ढग आणि एरवी पाम बीच रोडचे दिवे. म्हणून इथले बरेच जण स्पिट्झर, वाइज या अवरक्त (इन्फ्रारेड) अवकाश दुर्बिणींच्या जुन्या प्रतिमा उतरवून लॅपटॉपवर धारदार करत बसतात. डेटा फुकट, वेळ मात्र खातो. कोणती दीर्घिका घेतलीत, काय नवं दिसलं, कुठे अडलं, ते लिहा. फोटोशॉपचं शार्पन धरणार नाही!

ऐरोलीकर
मी वाइजवाला. आरसा जेमतेम 40 सेंटिमीटरचा, त्यामुळे 22 मायक्रॉन तरंगलांबीला प्रत्येक तारा 12 आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) गोळा होतो. त्यात अधिकृत अ‍ॅटलासच्या प्रतिमा मुद्दाम आणखी पसरवलेल्या आहेत. अंधूक ठिपके शोधायला ते सोयीचं, दीर्घिकेचे हात बघायला नाही. 'अनवाइज' म्हणजे वाइजचाच डेटा पुन्हा जोडून केलेल्या प्रतिमांत हा जादा धूसरपणा नसतो, सुरुवात तिथूनच करा. एम 83 चे हात मला तेवढ्यानेच सुटे दिसायला लागले.

घोडबंदरवाला
प्रतिमा धारदार करायच्या रिचर्डसन-ल्यूसी पद्धतीशिवाय मी काही वापरत नाही. रिचर्डसनचा पेपर 1972 चा, ल्यूसीचा 1974 चा, आणि आज पायथनमध्ये काम एका ओळीत होतं. खऱ्या दीर्घिकेचा अंदाज धरायचा, तो दुर्बिणीच्या पीएसएफने (एका ताऱ्याचा ठिपका प्रतिमेत जसा पसरतो, त्या आकाराने) धूसर करायचा, मूळ प्रतिमेशी ताडायचा, फरक पडेल तसा अंदाज सुधारायचा, पुन्हा तेच. थांबायचं कधी, ही खरी गोम. फेऱ्या वाढवत नेल्या की एम 81 च्या हातांवर छान टपोरे तारे उगवायला लागतात, आणि ते सगळे नॉइजचे असतात.

आणखी एक. पार्श्वभूमी आधी वजा करा. 24 मायक्रॉनला आकाश काळं नसतंच, आपल्याच सूर्यमालेतली धूळ तिथे चमकत असते. ती तशीच राहू दिली तर तेजस्वी गाभ्याभोवती काळं कडं पडतं. या पद्धतीत प्रकाश शून्याखाली जाऊ शकत नाही. पार्श्वभूमी शून्याच्या जवळ असेल तरच त्या अटीचा लगाम बसतो.

(आमच्या आईला दोन्ही प्रतिमा दाखवल्या. तिला धूसरच आवडली.)

कळव्याचा संशयात्मा
जेम्स वेबचा साडेसहा मीटरचा आरसा वर असताना 85 सेंटिमीटरच्या स्पिट्झरला घासत का बसायचं? खरंच विचारतोय, चिडू नका.

धागाकर्ती, नेरूळ
चिडत नाही हो. वेबच्या मिरी कॅमेऱ्याची चौकट दोन आर्कमिनिटांहूनही लहान आहे, आणि देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंशांवर पसरलीय. अख्खी दीर्घिका एका दमात बघायची तर स्पिट्झर किंवा वाइजच.

खारघरची
संशयात्मा, मला तर वेबमुळेच स्पिट्झरमध्ये जास्त रस आला. फँग्स या जवळच्या दीर्घिकांच्या सर्वेक्षण प्रकल्पात वेबने पहिल्यांदा ज्या 19 दीर्घिका टिपल्या, त्यांत एम 74 आहे. स्पिट्झरची 8 मायक्रॉनची प्रतिमा धारदार करायची आणि वेबच्या 7.7 मायक्रॉनच्या प्रतिमेशेजारी ठेवायची, म्हणजे उत्तरपत्रिकाच हातात! स्पिट्झरचा 2 आर्कसेकंदांचा ठिपका तिथे साधारण 300 प्रकाशवर्षांचा होतो. हातांवरच्या मोठ्या गाठी नेमक्या जागी सुटतात. धुळीतले लहान बुडबुडे मात्र कितीही फेऱ्या दिल्या तरी येत नाहीत. कोणी स्पिट्झरवर तसले बारीक बुडबुडे दाखवले तर मी आधी वेब उघडते.

वाशी-ठाणे लोकल
मी तुमच्या उलट. मला 8 आणि 24 मायक्रॉनच्या प्रकाशाचं गुणोत्तर काढायचं असतं, म्हणून मी चांगली प्रतिमा बिघडवतो. 8 ची प्रतिमा 24 इतकी धूसर केल्याशिवाय पिक्सेलला पिक्सेल भागून उपयोग नाही, हातांच्या कडेला खोटे पट्टे येतात. अनियानो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये यासाठी तयार कर्नल (एका दुर्बिणीची प्रतिमा दुसरीइतकी धूसर करणारे साचे) दिली आहेत, ती घ्या. धारदार प्रतिमा भिंतीवर लावायला आणि कुठल्या गाठीकडे बघायचं ते ठरवायला, एवढंच माझं मत. आकडे मी तिच्यावरून काढत नाही.

घोडबंदरवाला
वाशी-ठाणे, सरसकट असं नको. रिचर्डसन-ल्यूसीत एकूण प्रकाश राखला जातो, तेव्हा गाठीभोवती मोठं वर्तुळ धरून मोजलं तर आकडा फारसा हलत नाही. लहान वर्तुळाचं म्हणाल तर मान्य.

ऐरोलीकर
एम 33 कोणी केलीय का? 24 मायक्रॉनला पीएसएफ गणिताने बनवलेला घेतलात की प्रतिमेतल्याच ताऱ्यांवरून काढलात, तेवढं सांगा. शनिवारी बसतोय.