सड्याचे वर्ष एका दालनात कसे मांडावे?

कातळवाट (प्रश्न)

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका छोट्या संग्रहालयासाठी कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळपठारांवर, एक दालन उभारायचे आहे. आत शिरताच आपण सड्यावरच उभे आहोत, असे प्रेक्षकाला वाटावे, ही अपेक्षा आहे. सातबाऱ्यावर या जमिनींची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून सापडते आणि पर्यटक त्यांच्याकडे फुलांच्या दिवसांतच वळतात. सडा म्हणजे ओसाड माळ, ही समजूत पुसली जावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. आराखडा करणाऱ्यांनी मात्र चारही भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने फुलांचे गालिचे, मधूनच जाणारा बिबट्या आणि अखंड संगीत सुचवले आहे. चित्र देखणे आहे, पण त्यात सडा दिसत नाही. एप्रिलमधला तापलेला काळा कातळ आणि ऑगस्टमधले पाणी एकाच खोलीत कसे दाखवावे?

गेंदफूल

सुरुवात फुलांपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फुले आधी दिसली की वर्षाचा उरलेला काळ प्रेक्षकाला रिकामा वाटतो. प्रवेश एप्रिलमधून द्यावा. त्या दिवसांत टिटवी उघड्या कातळावर, चार खडे बाजूला सारून अंडी घालते आणि ती ठिपकेदार, मातकट अंडी दोन पावलांवरूनही खड्यांत ओळखू येत नाहीत. अशी अंडी प्रेक्षकाच्या पायाशी, काचेखाली, कोणत्याही फलकाविना ठेवावीत आणि त्यांची माहिती दालनाच्या मध्यावर द्यावी, म्हणजे ज्याला ती दिसली नाहीत तो मागे फिरून शोधील.

पावसाळ्याचा भाग त्यानंतर यावा. कातळाच्या खळग्यांत पाणी साचते, बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवे उगवतात, दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब चमकू लागतात. या मातीत नत्र फारच कमी असते, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढतात. हे कारण कळले नाही, तर फुलांचा गालिचा ही केवळ शोभा राहते. सीतेच्या आसवाचे इवलेसे निळे फूल भिंतीवर दहा फुटांचे केले, तर प्रेक्षक मान वर करून पाहील. सड्यावर त्याला गुडघे टेकावे लागतात. म्हणून भिंग बसवलेले बुटके मंच करावेत, त्यांतले काही चाकाच्या खुर्चीवरून दिसतील अशा उंचीचे ठेवावेत आणि या वनस्पतीची पाण्यातली, जीव आत ओढून घेणारी सूक्ष्म पिशवी तेवढी मोठी करून दाखवावी. बिबट्या वगळावा, कारण तो आला की लहान जिवांकडे कोणी पाहणार नाही.

प्रकाशयोजना

जांभ्यावर थेट प्रक्षेपण करू नये. गडद आणि खडबडीत पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो, रंग मळकट दिसतात आणि वरून टाकलेल्या चित्रावर प्रेक्षकाचीच सावली पडते. कातळावर बाजूने, अगदी खालून तिरपा प्रकाश सोडला, तर प्रत्येक खळगा उठून दिसतो. तोच प्रकाश पिवळसर प्रखर केला की उन्हाळा आणि करडा मंद केला की पावसाळा. खरे पाणी किंवा कृत्रिम धुके बंद खोलीत आणू नये, कोकणातल्या दमटपणात बुरशी आणि बिघडलेली यंत्रे एवढेच हाती लागते.

रानध्वनी

संगीत पूर्णपणे काढावे, ही विनंती. बेडूक जमिनीलगत बसून ओरडतात, त्यामुळे त्यांचे ध्वनिक्षेपक घोट्याच्या उंचीवर लावावेत. वारा आणि टिटवीची हाक वरून यावी. उन्हाळ्याच्या भागात बराच वेळ फक्त वारा ऐकू येऊ द्यावा.

कातळवाट

आपणा सर्वांचा आभारी आहे. बिबट्या आणि संगीत दोन्ही वगळण्याविषयी मी उद्याच कळवतो. काशेळीच्या सड्यावर कोरलेल्या भल्यामोठ्या हत्तीच्या आकृतीत इतर अनेक प्राणी आहेत. ते कातळशिल्प शेवटच्या भिंतीवर घ्यावे असा विचार आहे. एक अडचण उरते. हाताळण्यासाठी कातळ हवा, पण सड्यावरून तो उचलून आणणे मला मान्य नाही आणि खाणीतल्या ताज्या चिऱ्याला वरचा काळा, दगडफुलांनी भरलेला थर नसतो.

गेंदफूल

साचा घेण्यासाठीही सड्यावर रबर ओतू नये, दगडफूल उखडते. एकाच तुकड्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांवरून त्रिमितीय प्रतिकृती करवून घ्यावी. स्पर्शासाठी मात्र चालू चिरेखाणीतला टाकाऊ तुकडा शेजारी ठेवावा आणि दोन्हींतला फरक तिथेच लिहावा.